राघूला मोकळे सोडताय? जरा थांबा!

शुक्रवार पेठेत उन्हे उतरली की गच्च्या जाग्या होतात. वाळलेले कपडे काढायला, कुरडया-पापड गोळा करायला, नाहीतर नुसतीच वाऱ्याची झुळूक अंगावर घ्यायला आपण वर जातो. अशा वेळी पलीकडच्या गच्चीवर एखादा मुलगा खांद्यावर पोपट घेऊन उभा दिसतो. तो हात उंचावतो, पोपट भुर्रकन उडतो, दोन घरे ओलांडून झोकदार वळसा घेतो आणि शीळ ऐकू आली की पुन्हा खांद्यावर हजर! बघणाऱ्याचे भान हरपावे असेच ते दृश्य असते. खाली उतरेपर्यंत आपली मुले मागे लागलेली असतात, "आई, आपला मिठूपण सोडू या ना गं! मोबाईलवर बघ, सगळे सोडतात."

आणि खरे सांगायचे तर आपल्याही मनात ते येऊन गेलेले असतेच. एवढेसे पाखरू, देवाने त्याला पंख दिले, आणि आपण त्याला वीतभर पिंजऱ्यात कोंडून डाळ-मिरची घालतो! फिरू दे की बिचाऱ्याला घटकाभर. नाहीतर सोडूनच देऊ, तेवढेच पुण्य पदरात पडेल.

भगिनींनो, या विचारामागची माया खोटी नाही. पण पिंजऱ्याचे दार उघडायला हात पुढे करण्याआधी पुढचे चार शब्द वाचा. कारण या मायेपोटी जेवढे पाळीव पक्षी जिवाला मुकतात, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने मुकत असतील.

कीव नक्की कोणाची?

घरात पोपट कसा येतो हे आपल्याला नवीन नाही. मुले हट्ट धरतात, वडील एका रविवारी पिंजरा घेऊन येतात, पंधरा दिवस सगळ्या घराला त्याचे वेड लागते. सोळाव्या दिवसापासून पिंजऱ्यातला कागद बदलणे, पाणी भरणे, पेरूची फोड कापणे ही सगळी कामे कोणाच्या वाट्याला येतात ते सांगायला नको! दुपारी घर शांत झाले की त्याच्याशी बोलायला घरात आपणच असतो. मराठी घरात तो राघू होतो, आपल्या सोलापुरातल्या तेलुगू घरात चिलुक आणि कानडी घरात गिळी. नाव कोणतेही असो, त्याचा जीव घरातल्या बाईवरच जडतो.

म्हणूनच पिंजऱ्यातला पोपट पाहून बाईच्या पोटात जेवढे कालवते, तेवढे पुरुषांच्या कालवत नाही. चार भिंतींतले दिवस कसे असतात ते तिला ठाऊक असते. दार उघडून त्याला उडवून दिले, तर जणू आपणच थोडे मोकळे झालो असे तिला वाटते. हे वाटणे मी समजू शकते. पण आपले मन मोकळे करण्याची जोखीम त्या पाखराने का उचलावी? आपण दार उघडून बाहेर पडलो तर रस्ता माहीत असतो, बसचे पैसे जवळ असतात, माहेरचा पत्ता ठाऊक असतो. घरात वाढलेल्या पोपटाला यातले काही म्हणजे काही ठाऊक नसते.

उडता येते, पण जगता येते का?

"पण पोपट उडणारच ना! त्याला शिकवायला का लागतं?" असे कोणीही म्हणेल. पंख मारणे शिकवावे लागत नाही हे खरे. पण रानात राहणे शिकावेच लागते.

आपला नेहमीचा हिरवा, गळ्यात गुलाबी-काळा पट्टा असलेला पोपट झाडाच्या ढोलीत नाहीतर जुन्या भिंतीच्या भोकात घर करतो. पिल्ले सहा-सात आठवड्यांची झाली की ढोलीबाहेर पडतात. पण त्यानंतरही आई-बाप त्यांना भरवत असतात आणि ती थव्यामागे उडत असतात. कुठल्या झाडाला कधी फळ येते, ज्वारीची कणसे कुठे भरली, पाणी कुठे मिळते, घार दिसल्यावर कोणता आवाज काढायचा आणि कोणत्या बाजूला सूर मारायचा, रात्री कुठल्या झाडावर सगळ्यांनी मिळून बसायचे, हे सगळे तिथे पाहून पाहून अंगवळणी पडते. हुरड्याच्या दिवसांत शेतावर उतरणारे थवे तुम्ही पाहिले असतील. पाखरे दाणे टिपत असतात, पण एकाने चिर्र केले की सगळा थवा एकदम वर! शंभर डोळे पहारा करत असतात. तुमच्या एकट्या मिठूला डोळे दोनच.

दुसरी गोष्ट अंगातल्या ताकदीची. महिनोन्‌महिने दांडीवर बसून असलेल्या पोपटाचे छातीचे स्नायू आपल्या गुडघ्यांसारखेच झालेले असतात. घाबरून तो एका दमात पाचपन्नास घरे ओलांडतो खरा, पण मग धाप लागते आणि जी उंच जागा दिसेल तिथे बसतो. इथे खरी फजिती होते. वर चढत जाणे सोपे असते, पण उंचावरून नेमके खाली उतरणे हे कसब आहे आणि ते सरावानेच येते. म्हणून हरवलेला पोपट पिंपळाच्या शेंड्यावर नाहीतर टॉवरच्या टोकावर बसून तासन्‌तास ओरडत राहतो. खाली मालकीण पेरू दाखवते आहे, त्याला ती दिसते आहे, यायचेही आहे, पण उतरायचे कसे ते कळत नाही.

आपल्या संतवाङ्मयात शुकनलिकेचा दृष्टांत येतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही तो आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि आपण बांधलो गेलो या भ्रमाने नळी सोडतच नाही. पंख असूनही उडत नाही. दृष्टांत माणसासाठी आहे. पण पाखराची बुद्धी भीतीने कशी गोठते हे आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने टिपले होते ते त्यातून दिसतेच.

पेठेच्या आकाशात काय काय असते?

आपल्या डोक्यावरचे आकाश रिकामे दिसते, तसे ते नाही. एकदा गच्चीवर उभ्या राहून पोपटाच्या नजरेने पाहा.

पहिल्या येतात घारी. घार एरवी उकिरड्यावरचे, मेलेले वेचून खाते. पण दमलेले, अडखळत उडणारे पाखरू तिला लांबूनच ओळखू येते. घारीपेक्षा धोकादायक शिक्रा. कबुतराएवढाच असतो, झाडात लपून बसतो आणि बाणासारखा येऊन लहान पाखरू उचलतो. पिवळी-निळी बजरी किंवा पांढुरके कॉकाटील तर त्याला ताटात वाढल्यासारखे दिसते. रानातल्या पाखरांचा रंग झाडात मिसळतो, यांचा मिसळत नाही. कावळे आणखी वेगळे. ते खायला म्हणून नव्हे, तर परके पाखरू दिसले म्हणून टोळीने मागे लागतात आणि टोचून टोचून बेजार करतात.

मग तारा. जुन्या पेठांच्या बोळांतून विजेच्या, केबलच्या तारांचे जाळे असते. घरात वाढलेल्या पोपटाला दांडी आणि तार यांतला फरक कोण सांगणार?

तिसरा शत्रू मांजा. नायलॉनचा, काचेची भुकटी लावलेला मांजा राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये साऱ्या देशात बंद केला. तरी तो चोरून विकला जातो आणि पतंगाचा मोसम संपल्यावरही झाडांना, तारांना महिनोन्‌महिने लोंबकळत राहतो. सुती दोरा पावसाने कुजतो, नायलॉन कुजत नाही. पंख अडकला की पाखरू जितके धडपडेल तितका दोरा मांसात रुततो.

चौथा आवाज. आपले सोलापूर म्हणजे मिरवणुकांचे गाव. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचे दारूकाम होते, गणपती असतो, दिवाळी असते, लग्नाच्या वराती असतात. रोज शहाण्यासारखा खांद्यावर परत येणारा पोपट एका सुतळी बॉम्बच्या आवाजाने असा उधळतो, की तो कुठल्या दिशेला गेला हेही कळत नाही. घाबरलेले पाखरू घराची दिशा ठेवून उडत नाही, भीती नेईल तिकडे उडते.

आणि पाचवे आपले ऊन! एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पाखरांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे एवढाच त्यांचा उपाय. पाण्याची वाटी नेहमी समोर असलेल्या पोपटाला पाणी शोधायचे असते हेच माहीत नसते. अशा उन्हात एक दुपारदेखील त्याला पुरी पडते.

मांजरांचे वेगळे सांगायला नको. फक्त एवढे लक्षात ठेवा की मांजराचा दात किंवा नख नुसते लागले, जखम टिचभरच असली, तरी तोंडातले जंतू पाखराच्या रक्तात जातात. "वाचला बाई!" म्हणून स्वस्थ बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

"आमचा नाही हो जात कुठे!"

पोपट बाहेर सोडणाऱ्यांची तीन उत्तरे ठरलेली असतात. तिन्ही तपासून पाहू.

पहिले, "आजवर रोज परत आला आहे." आजवर आला, कारण आजवर घाबरण्यासारखे काही घडले नाही. तो परत येतो तो सवयीने. सवय मोडायला एक घार, एक फटाका, वाऱ्याचा एक झोत पुरतो. शंभर वेळा आला म्हणजे एकशेएकाव्या वेळी येईलच असे नाही, आणि हरवायला एकच वेळ पुरते.

दुसरे, "त्याचे पंख कापले आहेत." हा तर मोठाच गैरसमज. पिसे कापलेला पोपट जमिनीवरून नीट उडू शकत नाही, पण तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून वाऱ्यावर तरंगत दोन गल्ल्या पलीकडे सहज जातो. तिथे उतरला की मात्र त्याला वर उडता येत नाही, आणि खाली कुत्रीमांजरे असतात. म्हणजे पळून जायला पुरेसे पंख, पण जीव वाचवायला अपुरे! शिवाय पिसे गळून नवी येतात. घरच्यांच्या लक्षात येण्याआधी त्याच्या लक्षात येते.

तिसरे, "परदेशात तर मोठमोठे मकाव उडवतात." उडवतात, हे खरे. पण जी जाणकार मंडळी हे करतात ती पिल्लाने पहिल्यांदा पंख उघडल्या दिवसापासून शिकवायला लागतात, तारा आणि वाहने नसलेल्या मोकळ्या माळावर, थोडे थोडे अंतर वाढवत, वारा आणि शिकारी पक्षी पाहून. त्यामागे महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते आणि तरीही पक्षी हरवतात. मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रात परत आलेलाच पक्षी दाखवतात. न आलेल्याचे चित्र कोण टाकणार?

जवळचेच उदाहरण घ्या. जुलै २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूरला एका कुटुंबाचा आफ्रिकन करडा पोपट उडून गेला. त्यांनी गावभर पत्रके लावली, पन्नास हजारांचे बक्षीस जाहीर केले. नशिबाने पोपट एका माणसाला सापडला, आणि आनंदाच्या भरात त्या कुटुंबाने पंच्याऐंशी हजार रुपये दिले. वर्तमानपत्रांत ही बातमी छापून आली, कारण पोपट सापडला! जो सापडत नाही त्याची बातमी होत नाही. फक्त एका घरातला पिंजरा चार दिवस रिकामा लटकत राहतो आणि मग माळ्यावर जातो.

आधी पाहा, आपला पोपट आहे कोण?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळ घरांना ती ठाऊकच नसते. आपला देशी हिरवा पोपट पाळणे कायद्याने गुन्हा आहे. गळ्यात पट्टा असलेला नेहमीचा राघू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट, डोके जांभळट असलेला लहान पोपट, या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर १९९०-९१ सालापासून बंदी आहे. "आमच्या आजीकडेही होता" हे खरे असले तरी आज ते चालत नाही. बाजारात येणारे पिल्लू ढोलीतून ओरबाडून आणलेले असते. अशा पिल्लांतली कितीतरी वाटेतच, टोपलीत गुदमरून मरतात. जे जगते ते आपल्या घरी येते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याची २०१५ सालची गंमत आठवते का? एका वृद्ध बाईंनी तक्रार केली, की नात्यातल्या माणसाने पोपटाला शिकवून ठेवले आहे आणि त्या दिसल्या की तो शिव्या देतो. पोलिसांनी पोपटाला पिंजऱ्यासकट ठाण्यात बोलावले. तिथे मात्र त्याने चकार शब्द काढला नाही! हसण्यावारी जावी अशी ही गोष्ट, पण शेवट पाहा. तो पोपट मालकाला परत मिळाला नाही, वनखात्याच्या ताब्यात गेला.

बजरी (हिलाच आपल्याकडे पुष्कळजण लव्हबर्ड म्हणतात) आणि कॉकाटील ही मूळची ऑस्ट्रेलियाची, तर खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. ही पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेली पाखरे आहेत. आपल्या हवेत, आपल्या झाडांत त्यांचे कोणी नाही. मकाव, आफ्रिकन करडा पोपट, काकाकुवा अशा मोठ्या परदेशी पक्ष्यांसाठी तर फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. यजमानांनी हौसेने असा पक्षी आणला असेल तर "नोंदणीचा कागद कुठे आहे?" हे एकदा जरूर विचारा.

मग देशी पोपट घरात असेल तर काय करायचे? कायद्याची भीती वाटून रातोरात दार उघडून द्यायचे? मुळीच नाही! देवळाच्या आवारात नाहीतर तळ्याकाठी नेऊन सोडायचेही नाही. हाताने भरवलेला, माणसाला न भिणारा पोपट रानात सोडणे म्हणजे लहान मुलाला यात्रेत सोडून येण्यासारखे आहे. थवा त्याला लगेच आपल्यात घेत नाही, आणि भूक लागली की तो माणसांकडेच जातो, मग ती माणसे कशीही असोत. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या सल्ल्याने पोपट त्यांच्या हवाली करा. असे पक्षी आधी मोठ्या जाळीत ठेवून, पंखांत बळ आणून, माणसाची सवय मोडून, मगच सोडायचे असतात. ज्याला कधीच सोडता येणार नाही त्याला जन्मभर सांभाळावे लागते. तो निर्णय जाणकारांनाच घेऊ द्या. पुण्य मिळवायचे तर ते असे मिळवावे.

"पण लंडनला तर सुखाने राहतात!"

कोणी वाचलेले असेल तर हेही विचारील. आपलाच हा पट्टेवाला पोपट लंडनच्या बागांतून आज थव्याथव्याने उडतो. पाळलेले पोपट सुटून १९६९ च्या सुमारास तिथे त्यांची वीण सुरू झाल्याची नोंद आहे. बेल्जियममधल्या ब्रुसेल्सला तर १९७४ साली एका करमणूक बागेतून चाळीसेक पोपट मुद्दाम सोडले गेले, त्यांचे पुढे हजारो झाले. मग आमच्याच मिठूने काय पाप केले?

यात दोन गोष्टी विसरल्या जातात. जे जगले त्यांची पिल्ले आज दिसतात, जे सुटून मेले त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. आणि जिथे ते जगले तिथे दुसऱ्या पाखरांच्या मुळावर आले. ढोल्या मोजक्याच असतात, पोपट त्या लवकर अडवतात. ब्रुसेल्सकडच्या अभ्यासकांना पोपट वाढलेल्या ठिकाणी ढोलीत राहणारी काही स्थानिक पाखरे कमी झालेली दिसली. उद्या आपल्याकडे परदेशी पोपट मोकळे सुटून रुजले, तर आपल्या पिंगळ्याने, मैनेने आणि आपल्याच राघूने पिल्ले कुठे घालायची? म्हणजे सोडलेला पक्षी मेला तर त्याचे वाईट, आणि जगला तर दुसऱ्यांचे वाईट!

घरातच द्या मोकळीक

तर मग त्याने जन्मभर पिंजऱ्यातच बसायचे का? नाही. उडणे ही पोपटाची गरजच आहे. बसून राहिलेल्या पाखराच्या अंगात चरबी साठते, कंटाळून ते स्वतःचीच पिसे उपटते. ज्यांच्या घरी पाळायला परवानगी असलेला पक्षी आहे, त्यांनी थोडा विचार केला तर घरातल्या घरात त्याला सुख देता येईल.

पिंजरा एवढा असावा की दोन्ही पंख पसरून तो कुठेही न घासता फडफडू शकेल. गोल, नाजूक, दिसायला सुबक पिंजऱ्यापेक्षा लांबट चौकोनी पिंजरा बरा, कारण पाखरू आडवे उडते, उभे नाही. दांड्या प्लास्टिकच्या गुळगुळीत नसाव्यात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या धुऊन लावा. कुरतडायला तेवढाच उद्योग होतो आणि पायही धड राहतात.

रोज ठरावीक वेळी एका खोलीत त्याला मोकळे सोडा, पण आधी या गोष्टी डोळ्यांखालून घाला. छताचा पंखा बंद आहे ना? नुसता बंद नव्हे, पूर्ण थांबलेला. खिडक्यांना जाळी आहे ना? मोठ्या आरशावर आणि उघड्या काचेवर पातळ कापड टाकले ना? पाण्याची बादली झाकली ना? मुलांना आणि कामवाल्या मावशींना बजावून ठेवले ना, की आता खोलीचे दार उघडायचे नाही? आमच्याकडे एक वाक्य पाठ करून घ्या: 'पिंजऱ्याचे दार उघडे तर घराचे दार बंद, घराचे दार उघडे तर पिंजऱ्याचे दार बंद.' दोन्ही एकदम उघडी कधीच नाहीत. घराला दोन दारे असतील, मधे पडवी असेल, तर फारच छान.

स्वयंपाकघरात मात्र त्याला आणू नका. कढईतले तेल, उघडी वाफ, पेटता गॅस हे तर आहेच. पण न चिकटणारा तवा रिकामाच गॅसवर राहून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ पाखराला काही मिनिटांत मारते. आपल्याला वासही येत नाही. फोडणीचा खाट, उदबत्तीचा धूर, झुरळांचे औषध यांपासूनही त्याला दूरच ठेवा.

गच्चीची हवा द्यायचीच असेल तर पिंजऱ्यात ठेवून द्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्धा पिंजरा सावलीत येईल असा ठेवा, दार तारेने बांधा आणि तुम्ही तिथेच बसा. तांदूळ निवडायचे काम वर नेलेत तर दोन्ही कामे होतील. जागा असेल आणि परवडत असेल तर गच्चीच्या कोपऱ्यात बारीक जाळीची खोली करून घ्या. तिलाही दोन दारे ठेवायला विसरू नका.

आणखी एक. बाहेर हिंडून आलेला पक्षी रोगही घेऊन येतो. पोपट-कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला फुप्फुसाचा ताप येऊ शकतो, त्याला सिटॅकोसिस म्हणतात. पिंजऱ्यातला कागद कोरडा खरवडू नका, पाणी शिंपडून मग काढा, आणि हात साबणाने धुवा. गरोदर बाईने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. घरात कोणाला ताप-खोकला लांबला तर डॉक्टरांना "घरात पक्षी आहे" हे आपण होऊन सांगा.

उडून गेलाच तर…

सगळी काळजी घेऊनही एखादे दिवशी चूक होते. पाहुणा दार उघडतो, मुलाच्या हातून कडी राहते. अशा वेळी रडण्यात आणि एकमेकांना बोल लावण्यात पहिला तास घालवू नका. तोच तास मोलाचा असतो.

१. एकाने त्याच्यावरची नजर हलवायची नाही. तो कुठल्या झाडावर, कुठल्या गच्चीवर बसला ते पक्के पाहा. पहिल्या दमात तो फार लांब जात नाही.

२. आरडाओरडा नको, दगड नको, काठी नको, शिडी लावून मागे चढणे तर नकोच. पाठलाग केलात की तो आणखी एक दम पुढे जाईल.

३. त्याचा पिंजरा आणून तो दिसेल असा उंचावर, दार उघडे करून ठेवा. आवडीचे खाणे त्याच्या नेहमीच्या वाटीत घाला आणि वाटी वाजवा. जोडीदार असेल तर त्याचा बंद पिंजरा शेजारी ठेवा. त्याच्या हाकेला तो सगळ्यांत लवकर ओ देतो.

४. ज्या व्यक्तीची त्याला सर्वांत सवय आहे तिनेच हाक मारावी, रोज मारते त्याच सुरात. बहुतेक घरांत ती तुम्हीच असाल. रोजच्या साडीत या, अनोळखी गर्दी बाजूला करा.

५. तो एकदम उंचावर असेल तर सरळ खाली बोलावू नका. शेजाऱ्यांना विनंती करून मधल्या उंचीच्या गच्चीवर उभ्या राहा. पायरी पायरीने उतरणे त्याला जमते.

६. अंधार पडेपर्यंत आला नाही तर तो बसलेली फांदी नीट लक्षात ठेवा. रात्री तो सहसा हलत नाही. पहाटे उजाडायच्या आत तिथे हजर राहा. भुकेने तो खाली येण्याचा संभव तेव्हाच अधिक असतो.

७. दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, शाळेची मुले, गणेश मंडळाची पोरे, गल्लीचा मोबाईलवरचा गट, सगळ्यांना सांगा. त्याचा स्पष्ट फोटो आधीपासून काढून ठेवलेला असावा, पायातल्या कडीवरचा क्रमांकही लिहून ठेवावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्या.

८. हाताशी आला की झडप घालू नका. आपला सोलापुरी टॉवेल हलकेच वरून टाका आणि छाती न दाबता उचला. पाखराची छाती दाबली तर त्याला श्वासच घेता येत नाही. घरी आणून शांत, उबदार, अंधुक जागी ठेवा, पाणी द्या, आणि त्या दिवशी नातेवाइकांना दर्शनाला बोलावू नका!

पुढचे आठ-पंधरा दिवस तरी आशा सोडू नका.

मुलांना काय सांगाल?

"मग आई, पोपट उडताना बघायचाच नाही का?" असे मुले विचारतील. बघायचा की! त्यासाठी सोलापूरसारखे गाव नाही. वनअधिकारी म्हणून सारी हयात जंगलात काढलेले आणि मराठीला 'पक्षीकोश' देणारे मारुती चितमपल्ली मूळचे इथलेच. १९३२ मध्ये ते सोलापुरात जन्मले, २००६ मध्ये इथेच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि जून २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. आयुष्यभर पाखरांच्या मागे फिरलेल्या या माणसाची पुस्तके वाचनालयातून आणा, रात्री मुलांना वाचून दाखवा. एखाद्या रविवारी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला फिरायला घेऊन जा आणि वर बघायला शिकवा.

शिवाय गच्चीवर मातीच्या परळात रोज ताजे पाणी ठेवा. उन्हाळ्यात ते दोनदा बदला. दाराशी पेरू, उंबर, शेवगा यांतले एखादे झाड लावायला जागा असेल तर लावा. महिनाभरात कोण कोण येऊन जाते त्याची मुलांना वहीत नोंद करू द्या.

आणि पिंजऱ्यात असलेला जीव आपण आणलेला आहे, एवढे ध्यानात असू द्या. तो वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. मुले शिकायला परगावी जातील, लेकी सासरी जातील, तरी तो तुमच्याच हाकेला ओ देत बसलेला असेल. त्याला आकाश दाखवून सोडून देण्यापेक्षा त्याची खोली मोठी करा, त्याच्याशी रोज घटकाभर बोला. नवा पोपट आणण्याचा विषय घरात निघालाच, तर आज पहिल्यांदा तुम्ही ठामपणे "नको" म्हणा. पिंजऱ्याचे दार न उघडताही एका पाखराला मोकळे ठेवण्याचा हा मार्ग तुमच्याच हातात आहे.